दुसरी शेगडी

मोठ्या जाऊबाईंना,

तुमच्या नातवाचा सरकारी बालवाडीचा अर्ज काल नेमका माझ्याच टेबलावर आला. त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'मुलगा-सून आमच्याच घरात राहतात, पण चूल वेगळी.' चूल वेगळी असली की उत्पन्नही वेगळं धरतात, हे आता बरं कळलं तुम्हाला!

माझी लेक तीन वर्षांची होती तेव्हा मी एवढीच एक ओळ लिहून मागितली होती. आपण एका घरात राहत होतो, पण तुमची शेगडी खाली आणि माझी माडीवर होती. तुम्ही म्हणालात, "असलं लिहून दिलं तर चारचौघांत तोंड कसं दाखवू?" मग भावजींचा पगार आमच्या उत्पन्नात धरला गेला आणि लेकीचं नाव यादीतून उडालं. वर्षभर ती माझ्या शिलाई मशीनखाली चिंध्यांशी खेळली. एकदाही 'पाठव तिला खाली' म्हणाला नाहीत.

नातवाचा काय दोष, हे मलाही कळतं. माझ्या लेकीचा तरी काय होता?

घरोघरी जाऊन पाहणी करणं माझंच काम आहे. उद्या सकाळी तुमच्याकडे येतेय. खोटं एक अक्षर लिहिणार नाही. जेवढ्या शेगड्या दिसतील, तेवढ्याच लिहीन. तुमची सून तर चहासुद्धा तुम्हाला विचारून टाकते, तिनंच सांगितलंय.

हे पत्र मात्र धाडणार नाही. हाती पडलं, तर रात्रीतून दुसरी शेगडी मांडाल.

तुमचीच,
माडीवरची