नऊ नंबरचे गोल

सर,

तुमच्या वह्या अजून माझ्याकडेच आहेत. पाचही. पुठ्ठ्यांच्या कडा झिजल्यात, पण आतली लाल शाई तशीच आहे, आणि त्या लाल शाईवरून सध्या आमच्यात मोठी जुंपली आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी ताडकळसच्या शाळेतली चिंचोक्यांची हॉकी काही थांबली नाही. तुमचा एक विद्यार्थी पुण्यात कॉम्प्युटरचं काम करतो, त्याने अख्खा खेळ मोबाइलमध्ये बसवला. आता आम्ही चाळीस-पन्नास जण, कोणाची पोटं सुटलेली, कोणाला नातवंडं झालेली, फोनवर सामने खेळतो. मैदानात कोण असतं, तर आमचे तेव्हाचे नंबर आणि आमच्या पोरांचे आत्ताचे नंबर. खऱ्या हॉकीच्या काठीला यातल्या निम्म्यांनी हात लावलेला नाही, पण भांडण मात्र सगळे अगदी खरं करतात.

शाळेत काठ्या दोनच होत्या, त्यातली एक मोडकी, आणि मैदान म्हणजे बाभळीच्या काट्यांचं रान. तुम्ही कॉलेजात हॉकी खेळलेले, तुमचा जीव तळमळत असणार. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही वर्गाच्या फरशीवर खडूने मैदान आखायचा. प्रत्येकाचा एक खेळाडू, त्याला एक नंबर. प्रत्येकाने स्वतःचे सहा चिंचोके आणायचे, मधोमध फोडलेले, एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. हल्ला करणाऱ्याने आपले सहा टाकायचे, समोर बचावाला असेल त्यानेही टाकायचे. हल्ल्याचे पांढरे जास्त पडले तर गोल, नाही तर वाचवला. तुमचा नियम एकच होता. पांढरी बाजू हवी तेवढी घासून नीट करा, पाठीला हात लावायचा नाही. पाठ घासून सपाट केली की चिंचोका पाठीवरच बसायला बघतो आणि पांढरा जास्त वेळा पडतो, हे तुम्ही कारणासकट समजावून दिलं होतं. दुसऱ्या एखाद्या मास्तरने नुसता दम दिला असता आणि मला ती युक्ती कधी सुचलीही नसती. पण तुमच्यावर ढकलायला मी हे लिहीत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी वर्षातला एक खेळाडू 'मानाच्या पाना'वर जायचा. तुम्ही खुर्चीत बसायचा, आम्ही उभं राहून आपापल्या खेळाडूची बाजू मांडायची आणि मग तुम्ही लाल शाईचं पेन उघडायचा. एकदा चढलेला नंबर परत उतरायचा नाही. सोमवारी प्रार्थनेला त्या नंबरचं आणि त्याच्या मालकाचं नाव साऱ्या शाळेसमोर वाचलं जायचं. माझा होता नऊ नंबर, पुढच्या फळीतला. माझ्याच बाकावर बसणारी माझी मैत्रीण होती, तिचा चार नंबर, बचावाचा. तिच्या समोरून गोल काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. दिवाळीपर्यंत माझ्या नऊ नंबरने तिच्यावर मोजून दोन गोल केले होते, आणि दर शनिवारी ती मला हसत हसत म्हणायची, "आज बी उपाशीच का गं?" ती चिडवायची प्रेमानेच. मला ते प्रेमाने घेता आलं नाही.

आमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आहे. चूल विझलेली आहे, आई शेतातून येऊन भिंतीला टेकून बसली आहे आणि मी तिच्या पाट्यावर चिंचोका घासते आहे. विहारामागच्या चिंचेखाली वेचलेले, चांगले जाड. पाणी टाकून घासला की पाठ हळूहळू फिकी होत जाते. आई विचारते, "काय घासायलीस गं एवढं?" मी म्हणते, "सरांनी सांगितलंय." आईला तुमचं नाव पुरेसं असतं. ती म्हणते, "मग नीट कर, बोटं सोलू नकोस." सहा चिंचोके घासायला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी फिकी पाठ दिसू नये म्हणून मी त्या काजळीत बोट बुडवून रंगवल्या आणि वरून तेल लावलं. दहा-अकरा वर्षांची होते. लहान होते असं म्हणून मी स्वतःला पुष्कळदा सोडून दिलं आहे, पण सर, काजळी लावायची अक्कल ज्या मुलीला होती तिला काय चाललंय हेही कळत होतं.

पुढे एप्रिलपर्यंत नऊ नंबर सुटलाच. तुम्ही वहीत गोल लिहून थकायचा. सगळ्यांवर झाले, पण सर्वांत जास्त झाले चार नंबरवर, कारण आमच्या दोघींचे संघ दर आठवड्याला समोरासमोर यायचे. ती बिचारी टाकण्याआधी चिंचोक्यांवर फुंकर मारायची, जागा बदलून बसायची, एकदा तर उलट्या हाताने टाकले. एका शनिवारी तिने सलग सहा गोल खाल्ले आणि तुम्ही वैतागून वही मिटली. "लक्ष कुठं हाय तुझं? नुसतं टाकायचं म्हणून टाकायलीस." ती खाली मान घालून चिंचोके गोळा करू लागली. खडूच्या रेघेवर तिच्या डोळ्यांतलं पाणी पडलं तेव्हा तुमच्याही लक्षात आलं असावं, कारण तुम्ही खिडकीशी जाऊन उभे राहिलात. मी माझे चिंचोके पिशवीत भरत होते. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर फार तर दोन छड्या बसल्या असत्या.

एप्रिलमध्ये मी उभी राहून गोलांची यादी वाचली. तुम्ही मला मध्येच थांबवलंत. "पोरी, तू गोल मोजायलीस. वाचवलेले कोण मोजायचं?" मला वाटलं तुम्हाला कळलं. पण तुम्हाला फक्त चार नंबरची बाजू कोणीतरी मांडावी असं वाटत होतं, कारण ती स्वतः उठायलाच तयार नव्हती. कोणी उठलं नाही. तुम्ही बराच वेळ वही चाळत बसलात आणि मग म्हणालात, "एवढे गोल झाल्यावर मी कोण न्हाई म्हणणारा." नऊ नंबर लाल शाईत गेला. पहिली टाळी तिने वाजवली. पुढच्या वर्षीपासून ती शनिवारी थांबली नाही, घरी काम असतं म्हणाली.

आणि तुम्ही निवृत्त झालात तेव्हा वह्या कोणाला दिल्यात, तर मला. मी नुकतीच डीएड झाले होते, पाया पडायला आले होते. तुम्ही पाचही वह्या नव्या कापडात बांधून ठेवल्या होत्या. "तूच सांभाळ. तुझा कारभार सरळ हाय," असं म्हणालात. मी त्या छातीशी धरून ताडकळसच्या स्टँडवर आले आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. आता मी सोनपेठला शिकवते. परीक्षेत पोरांच्या बाह्या वर करून बघते, कॉपी सापडली की असं बोलते की वर्ग चिडीचूप होतो. तेव्हा माझ्या आवाजात जी धार येते तिची मलाच कधी कधी लाज वाटते.

आता भांडण कशावरून आहे ते सांगते. यंदा सगळ्या काळांतला मिळून एक खेळाडू निवडायचा ठरला, मानाच्या पानांतलं पहिलं पान. पण काळ तीन. आमच्या चिंचोक्यांचा, नंतर तुम्ही फासे आणलेत तो, आणि आत्ताचा मोबाइलचा. फाशांच्या काळात गोलाला दोनचा फरक लागायचा, त्यामुळे गोल निम्म्यावर आले. मग आमच्या वीस गोलांना त्यांचे किती मानायचे? आधी यादी करायला तिघांची निवड समिती, मग सगळ्यांचं मतदान. समितीत पुण्याचा तो विद्यार्थी, वह्या माझ्याकडे म्हणून मी, आणि तुमची नात. तुमचीच नात ती, आकड्यांशिवाय बोलत नाही. तिने तोडगा काढला की नुसते गोल बघायचे नाहीत, ज्याने त्याने आपल्या सालातल्या सोबत्यांपेक्षा किती जास्त केलं ते बघायचं, आणि वाचवलेलेही मोजायचे. तुमचं तेव्हाचं वाक्य तिला कोणी सांगितलेलं नाही. तिने प्रत्येक साल कॉम्प्युटरवर हजारो वेळा खेळवून पाहिलं आणि मला फोन केला.

"मावशी, सगळी सालं जुळतात. तुमच्याच सालात एक गोष्ट बसत नाही. चार नंबर दिवाळीपर्यंत सगळ्या काळांतला सर्वांत भारी बचाव आहे. नंतर बाकीच्यांसमोर तसाच राहतो, फक्त नऊसमोर ढासळतो. काय झालं होतं हो तेव्हा?"

सर, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारला होता. मी स्टाफरूममध्ये होते, समोर चहा होता. आणि मी म्हणाले, "तिचं लक्ष नसायचं गं त्या साली. सर ओरडलेसुद्धा होते तिला." ती म्हणाली, "आजोबा बोलले असतील तर तसंच असेल." म्हणजे माझं पाप झाकायला मी तुमचा राग वापरला, आणि तोही तुमच्या नातीपुढे. ते सगळे गोल खरे धरले गेले आणि चार नंबर यादीतून निघाला. नऊ नंबर पहिल्या तिघांत आला.

यादी ग्रुपवर पडली तेव्हा माझ्या मैत्रिणीने आवाजातला निरोप पाठवला. ती पिंगळीला असते, अंगणवाडीत आहे, मागे पोरांचा गलका ऐकू येत होता. "बराबर केलंत बाई. त्या साली माझं चित्तच नव्हतं. आमच्या दादाचं दुखणं चालू होतं ना घरी, त्याच्यामुळं हात चालायचा न्हाई माझा." मी तो निरोप चार वेळा ऐकला. दादा म्हणजे तिचे वडील, त्यांचं दुखणं त्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू झालं, मला पक्कं आठवतं, आम्ही दोघी मिळून त्यांचा डबा दवाखान्यात न्यायचो. इतकी वर्षं तिला कारण सापडत नव्हतं, म्हणून तिने बापाचं आजारपण सहा-आठ महिने मागे ओढून घेतलं. तिला ते खोटं वाटतही नसेल. शेवटी म्हणाली, "माझं मत नऊलाच हाय. त्याच्यासारखं कोणाला जमलंच न्हाई."

मी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. खाली 'तुझं मन मोठं' असं लिहिलं. चार वाक्यं खरी लिहायला बसले होते, ती पुसून हे पाठवलं.

हे पत्र तिला जायला हवं, तुम्हाला नाही, हे मला पहिल्या ओळीपासून माहीत आहे. सोनपेठहून पिंगळी काही परदेशात नाही, सकाळी निघाले तर जेवणाआधी पोचेन. पण ती दार उघडून मला चहा करायला लागेल, आणि तुम्ही काही करणार नाही, म्हणून मी तुम्हाला लिहिते. मतदान रविवारी संपतं. समितीतल्यांनी स्वतःच्या खेळाडूला मत द्यायचं नाही असा नियम करू या, असं तुमच्या नातीने सुचवलं होतं. मीच म्हणाले की कशाला, आपण काय एकमेकांवर अविश्वास दाखवणार आहोत का. माझं मत मी परवाच दिलं, सर. नऊलाच दिलं.