हरभऱ्यातला जॅझ

२ डिसेंबर
ठरलं! साठी उलटली म्हणून काय झालं? सेलूच्या ऑर्केस्ट्रात जन्मभर लोकांच्या लग्नांत दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. आता स्वतःचा जॅझ अल्बम. सोलो गिटार. नाव 'निळी गोदावरी'. विमलाला सांगितलं. आधी दळण आणा म्हणाली.

९ डिसेंबर
बेडरूममध्ये रेकॉर्डिंग. खिडक्यांना गाद्या लावल्या. झोपायचं कशावर, असं विमलाचं म्हणणं. एक तार उतरली होती हे नंतर कळलं. राहू दे. जॅझमध्ये चूक नसते, धाडस असतं.

२१ डिसेंबर
अल्बम ऑनलाइन गेला. पेनड्राइव्हही वाटले. पुण्याहून मैथिलीचा फोन. बाबा, छान आहे म्हणाली. कुठला ट्रॅक आवडला विचारलं तर रेंज गेली. पुण्यात रेंजचे फार हाल आहेत लेकीचे.

४ जानेवारी
परभणीच्या साप्ताहिकात अण्णासाहेबांचं परीक्षण! मोठे जाणकार. अख्खं परीक्षण असं: 'माणिकराव यांचा अल्बम मिळाला. मुखपृष्ठ सुबक आहे.'
सुबक! शब्द किती तोलून वापरलाय. विमला म्हणाली, मुखपृष्ठ मैथिलीनं केलंय. असू दे. टीमवर्क.

दुपारी
अण्णासाहेबांना फोन केला. आतलं संगीत कसं वाटलं विचारलं. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. कलावंताची इतकी काळजी करणारा समीक्षक विरळा.

१५ जानेवारी
बजरंगचा फोन. आमचा जुना ढोलकीवाला, आता देवगाव फाट्याजवळ शेती करतो. माणिकराव, तुमचं म्युझिक लय जालीम हाय म्हणाला. हरभऱ्यात भोंगा लावून रोज वाजवायलाय म्हणे. डोळ्यांत पाणी आलं.
मग कळलं, रानडुकरं पळवायला. पहिल्याच ट्रॅकला पसार झाली, पुन्हा एक बी फिरकलं न्हाई म्हणे.
आधी राग आला. नंतर विचार केला. जनावरांवर परिणाम करणारं संगीत आपण आजवर नुसतं ऐकून होतो.

१८ जानेवारी
शेजारच्या शेतकऱ्यांनीही पेनड्राइव्ह मागवले. मागणी वाढतेय. विमलानं बायकांत माझं कौतुक केलं म्हणे. डुकरांचा उल्लेख टाळला असता तर बरं झालं असतं.

२८ जानेवारी
बजरंग पेनड्राइव्ह परत द्यायला आला. डुकरायला सवय झाली, भोंग्याखालीच हरभरा खायलेत म्हणे. मी सांगितलं, रेकॉर्डिंगमध्ये जीव नसतो. त्यांना लाइव्ह ऐकवू.

२९ जानेवारी
दिवस मावळताना बांधावर खुर्ची टाकून बसलो. डोळे मिटले आणि वाजवत सुटलो. मनाला येईल ते. असं हातातून कधी उतरलंच नव्हतं. खरंच.
डोळे उघडले तर समोरचा हरभऱ्याचा पट्टा साफ. डुकरं निवांत. बजरंग माझ्याच शेजारी, काठी मांडीवर घेऊन बसलेला. मग ओरडत धावला.
परत येऊन काठी बांधावर टाकली. निघताना म्हणाला, माणिकराव, आज तुमी लय ग्वाड वाजवलं. मी बी ऐकतच बसलो. तिथंच घात झाला.
स्कूटरला हरभऱ्याचे टहाळ बांधून दिले. उरलं होतं त्यातले.