मानक क्रमांक एकोणीस

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो आता कागदावरच जमतो, पण आठही अंगं मनापासून टेकली आहेत असं समज.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं. वाचायची मनाई उठली असेल तरच हे पत्र स्वतः वाच, नाहीतर शेजारच्या शिंपीणबाईंकडून वाचून घे. मात्र शेवटी ता. क. आले की त्यांना चहा ठेवायला आत पाठव आणि तेवढा भाग भिंग लावून तू वाच. ता. क. असणारच, माझ्या कुठल्या पत्राला नव्हते?

सोबत एक पुस्तिका पाठवतो आहे. मुखपृष्ठ पिवळं आहे आणि कागद हलका आहे, पण त्यावर जाऊ नकोस. तिचं नाव 'पालकत्व व जीवनकौशल्ये: इयत्ता नववी, अभ्यासक्रम व मानके'. दुसरं पान उघड, खालून तिसरी ओळ. तिथे 'सदस्य' या शब्दापुढे जे नाव आहे ते तुझ्या धाकट्या भावाचं आहे. लाल पेन्सिलीने मीच अधोरेखित केलंय, म्हणजे शोधताना डोळ्याला ताण नको. अक्का, तीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेली भूमिती शिकवली. या वयात माझ्या हातून काहीतरी लिहिलं गेलं आणि ते सरकारी शाळांतल्या सगळ्या नववीच्या वर्गांत शिकवलं जाणार, याचा मला अभिमान वाटतो. तो लपवायचा प्रयत्न मी दोन दिवस केला, नंतर सोडून दिला.

आता भूमितीच्या मास्तरला या समितीत कोणी घेतलं, हा तुझा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतो. झालं असं की समितीवर शाळेकडून एकाला पाठवायचं होतं, शिवणाच्या बाई रजेवर होत्या, आणि मुख्याध्यापिकाबाई शिक्षकखोलीत डोकावल्या तेव्हा तिथे मी एकटाच कागदांना भोकं पाडायचं यंत्र दुरुस्त करत बसलो होतो. (ते अजून दुरुस्त झालेलं नाही.) समितीत आम्ही पाच जण: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त शिक्षणाधिकारी, लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई, दुसऱ्या एका शाळेच्या चित्रकलाबाई, टिपणं घेणारे एक कारकून, आणि मी. शाळेत मुलांना घर चालवायला आणि पोर सांभाळायला शिकवावं याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. घोडं अडलं ते मानकांपाशी. मानक म्हणजे मुलाला काय यायला हवं ते सांगणारी एक ओळ, आणि अध्यक्षांचा नियम असा की त्या ओळीत जे असेल ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे आणि मोजता आलं पाहिजे. चित्रकलाबाईंनी पहिल्याच दिवशी 'मुलांवर प्रेम करणे' असं लिहून आणलं होतं. अध्यक्षांनी ते हिरव्या शाईने खोडलं आणि समासात लिहिलं, 'किती?'

तिथे माझं नशीब उघडलं. मोजता येईल असं लिहिणं हाच माझा जन्मभराचा धंदा. मी लिहिलं: 'रडणाऱ्या बाळाची कारणे विद्यार्थी क्रमाने तपासतो: भूक, ओले दुपटे, उकाडा किंवा थंडी, टोचणारे काही, झोप.' मी लिहिलं: 'आंघोळीचे पाणी विद्यार्थी बोटाने नव्हे, कोपराने पाहतो.' मी लिहिलं: 'मूल चुकल्यास विद्यार्थी त्याच्या वागण्याला वाईट म्हणतो, मुलाला म्हणत नाही.' डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की हे सगळं तुम्हाला कुठून ठाऊक? मी म्हणालो, अनुभव. अक्का, अनुभव होता हे खरंच, फक्त तो माझा नव्हता. पुस्तिका वाचताना तुला तुझाच आवाज ऐकू आल्यासारखा वाटला तर घाबरून जाऊ नकोस. बेचाळीस मानकांपैकी सतरा माझी आहेत, म्हणजे सतराच्या सतरा तुझी आहेत.

इथवर सगळं छान होतं. पण हात लिहिता झाला की माणसाला थांबायचं भान राहत नाही. मला वाटलं, सिद्धता दिल्याशिवाय प्रमेय शिकवणं हा अन्याय आहे. म्हणून मी आपण होऊन एक कलम घातलं: 'शिक्षकाने प्रत्येक कौशल्य आधी स्वतः करून दाखवावे आणि विद्यार्थ्यांनी त्यास दहापैकी गुण द्यावेत.' हा विषय शिकवणार म्हणून लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शिवणाच्या बाई होत्या. त्या पुस्तिका येण्याआधीच बदली घेऊन गेल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी पुस्तिका चाळली, दुसऱ्या पानावर थांबल्या (तेव्हा लाल पेन्सिलीची काही गरज पडली नाही) आणि म्हणाल्या, ज्यांनी लिहिलं त्यांनीच शिकवावं. करावं तसं भरावं, दुसरं काय.

पहिला तास बटणाचा. शर्टावर बटणाची जागा मी कंपास आणि पट्टीने काढली, मध्यबिंदू अचूक घेतला, आणि तेरा मिनिटांत असं पक्कं बटण लावलं की दोघांनी ओढूनही तुटेना. शर्ट उचलल्यावर कळलं की मी पुढचा भाग पाठीला शिवून टाकला आहे. वर्गाने मला तीन गुण दिले. पुढच्या बाकावरच्या एका शहाण्याने शेरा लिहिला, 'रचना बरोबर, सिद्धता चुकली.' हे वाक्य त्याने माझ्याकडूनच उचललेलं, त्यामुळे रागावताही येईना.

दुसरा तास आंघोळीचा. शाळेने एक रबरी बाहुली दिली होती, आडवं केलं की डोळे मिटणारी. मी टेबलावर घमेलं ठेवलं, कोमट पाणी ओतलं आणि मानकात लिहिल्याप्रमाणे त्यात कोपर बुडवलं. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता. (बाही वर करावी असं मानकात लिहिलेलं नाही. दुसऱ्या आवृत्तीत घालतो.) स्वेटरने निम्मं पाणी पिऊन टाकलं, उरलेल्यात मी बाहुलीला साबण लावला, आणि ती माझ्या हातून सुटली ती थेट दुसऱ्या बाकावर, एका मुलीच्या डब्यात. त्या दिवसापासून बाहुलीचा एक डोळा मिटत नाही. मला एक गुण मिळाला, 'पाणी कोमट होते' म्हणून. खिडकीबाहेर इतिहासाचे सर, शिपाईमामा आणि खुद्द मुख्याध्यापिकाबाई उभ्या होत्या, असं मला नंतर समजलं.

तू म्हणशील, यात अभिमान कसला? तर ऐक. त्या तासाला एकानेही बाहेर जाण्याची परवानगी मागितली नाही. माझ्या भूमितीच्या तासाला निम्मा वर्ग तहानेने व्याकूळ असतो. मास्तर पडतो आहे, उठतो आहे, आपल्याकडून गुण घेतो आहे आणि पुन्हा करतो आहे, हे पाहून पोरांची भीडच चेपली. तिसऱ्या आठवड्यात वर्गातला सगळ्यात धिप्पाड मुलगा, ज्याने आजवर फळा सोडून सगळं तोडलं आहे, त्याने बाहुलीच्या मानेखाली असा अलगद तळवा धरला की मागच्या बाकांवरची पोरं उठून बघायला पुढे आली. आणि त्याच्याच वडिलांची गोष्ट सांगायची म्हणून एवढी लांबण लावली.

ते बस चालवतात. माझ्या मुलाला दुपटी घडी करायला लावणारा मास्तर कोण ते बघायला ड्युटीवरून थेट आले, खाकी कपड्यांत. मी म्हटलं, आधी तास पाहा, मग भांडू. ते मागे उभे राहिले. तास संपला, मुलं गेली, तरी हे उभेच. मग म्हणाले, "सर, मी करून बघू का?" त्यांनी बाहुली उचलली, ठेवली, परत उचलली. घरी चार महिन्यांची धाकटी आहे, तिला तोवर त्यांनी घेतलेलंच नव्हतं. हात खरखरीत आहेत, टोचतील अशी भीती वाटायची म्हणे. मी त्यांना सांगितलं की बाळाला खरखरीत हात चालतात, थरथरणारे चालत नाहीत. (हे वाक्य डॉक्टरीणबाईंचं. त्यांनी ते बैठकीत म्हटलं तेव्हा मी टिपून घेतलं होतं, पण पुस्तिकेसाठी नाही.) आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर अकरा बाप येतात. त्यांचं काही मानक नाही, हजेरीही नाही, तरी कोणी चुकवत नाही. अक्का, माझ्या तीस वर्षांत कोणी आपण होऊन भूमितीला आलं नव्हतं.

मग आलं मानक क्रमांक एकोणीस: 'विद्यार्थी किमान एक अंगाईगीत आरंभापासून शेवटपर्यंत म्हणतो. (सुराची सक्ती नाही.)' हेही माझंच. आणि नेमके त्याच दिवशी अध्यक्षमहाशय तास पाहायला आले, हिरवं पेन घेऊन. शिक्षकाने आधी करून दाखवायचं. मी बाहुली मांडीवर घेतली, तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की मला चाल येते, शब्द एकही येत नाही. तू माझ्या पोरीला रोज म्हणायचीस तीच चाल. पन्नास डोळे माझ्याकडे लागलेले, अध्यक्षांचे दोन वेगळे. मला पाठ असलेलं एकच वाक्य त्या चालीत बसलं. मी तुझ्या अंगाईत पायथागोरसचं प्रमेय म्हटलं, 'काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग' इथून 'बेरजेइतका असतो' इथपर्यंत, चार वेळा, हळूहळू आवाज उतरवत. कोणी हसलं नाही. एक डोळा उघडाच राहिल्यामुळे अध्यक्षांनी 'बाळ अर्धे झोपले' असं टिपलं आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं की चाल कुणाची? मी म्हणालो, बहिणीची. नववी ब च्या प्रत्येक मुलाला ते प्रमेय आता येतं, ही गोष्ट वेगळी.

हा सगळा प्रकार मी तुझ्या भाचीला फोनवर सांगितला. ती इतकी हसली की तिची पोर जागी झाली. मग हसू थांबवून म्हणाली, बाबा, पुढच्या महिन्यात मी कामावर रुजू होते, पाळणाघरात जागा मिळायला अजून सहा आठवडे आहेत, तुम्ही याल का? मानकं लिहिलीत ना? अक्का, मी एका क्षणात हो म्हणालो. माझ्या लेकीने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. पहिल्यांदा मागितलं तेही स्वतःची पोर सांभाळायला मागितलं. रजेचा अर्ज दिला आहे, मंजूरही झाला. शनिवारचा वर्ग तेवढे दिवस बसवाले चालवतील.

तुझ्या डोळ्यांना आणि माझ्या गुडघ्यांना आराम पडो. शिंपीणबाईंना नमस्कार, आणि आता त्यांना चहा ठेवायला पाठव.

तुझा धाकटा

ता. क. (१) तू ओळखलंच असशील. मी नातीला अजून हातात घेतलेलं नाही. दवाखान्यात बघायला गेलो तेव्हा एका हातात छत्री आणि दुसऱ्यात फळांची पिशवी तासभर धरून उभा होतो, कोणी 'घ्या ना' म्हणू नये म्हणून. बसवाल्यांना शहाणपण सांगताना माझी जीभ चाचरली नाही याचं मलाच नवल वाटतं. हे भाचीला सांगू नकोस. गेल्या शनिवारी सगळे गेल्यावर मी बाहुली घेऊन वर्गात अर्धा तास फेऱ्या मारल्या. हात थरथरत नाहीत, एवढं पाहून घेतलं.

ता. क. (२) हे खरं काम. त्या अंगाईचे शब्द लिहून पाठव. ही गेली तेव्हा पोर सव्वा वर्षाची होती, तू आपलं सगळं बाजूला ठेवून आलीस ती सहा वर्षं राहिलीस, आणि ती सहा वर्षं मी पलीकडच्या खोलीत पेपर तपासत बसलो. मला आत यायला जमत नव्हतं, अक्का. भिंतीतून चाल येते, शब्द येत नाहीत. भाचीने बजावलं आहे की माझ्या मुलीला पायथागोरस चालणार नाही.

ता. क. (३) शब्द मी आधी तिलाच विचारले होते. ती म्हणाली, तेही आठवत नाहीत आणि आत्याची चालही नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की दाराखालून तुमच्या खोलीतला उजेड यायचा, आणि तो आहे तोवर झोपायला हरकत नाही असं वाटायचं. मी बेचाळीसच्या बेचाळीस मानकं पुन्हा वाचली. हे कुठे घालावं ते मला सुचत नाही, तुला सुचलं तर कळव.