डिशचं तोंड दक्षिणेला

अण्णा, आज तुमचा राग आला म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तरी तुमच्यापायी माझा दिवस खराब होतोच.

सकाळी लिंबागणेशला गेले होते. तिथल्या माजी सरपंचांनी घरावर मजला चढवला, तेव्हा काढून ठेवलेली टीव्हीची डिश परत बसवायची होती. त्यांनी आधी माझ्या मागं पाहिलं. "गडी कुठं हाय?" मीच बसवते, असं मी म्हणाले. मग त्यांचं सुरू झालं, की डिश समोरून दिसली तर घराची शोभा जाते, मागच्या अंगाला लावा. मागचं अंग उत्तरेला आणि दक्षिणेला नवा मजला आडवा. मी समजावलं, उपग्रह विषुववृत्तावर, छत्तीस हजार किलोमीटर उंच असतो. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी थांबलेला वाटतो. इथून तो दक्षिणेलाच. मधे भिंत सोडा, लिंबाची दाट फांदीसुद्धा चालत नाही. तर म्हणतात, "आभाळ काय एकाच बाजूला हाय का, बाई? तुमचे वडील असते तर न्हाई म्हणले नसते."

खरंय. गिऱ्हाइकाला तुम्ही कधीच नाही म्हणाला नाहीत. तुमचं 'नाही' ऐकायला घरात मी होते. नांदूरघाटचा तो दिवस मला अजून दिसतो. मी पंधरा वर्षांची, गच्चीवर डिश धरून उभी. तुम्ही खाली टीव्हीपुढं. सिग्नलची पट्टी अर्ध्यावरच अडकलेली. मी डिश केसभर पूर्वेला सरकवते आणि घरातली बाई म्हणते, "आलं की चित्र." तुम्ही वर येता, नट आवळता आणि सगळ्यांदेखत म्हणता, "उतर खाली. पोरीच्या जातीचं काम न्हाई हे." दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर तुम्ही दादाला नेलंत, ज्याला जिन्यावरसुद्धा चक्कर यायची. मी खाली दारात उभी राहून टीव्हीवरच्या पट्टीचे आकडे ओरडायचे आणि तुमचे हात बघायचे. शिकले ती तेवढ्यावर.

आज मी वाद घातला नाही. म्हणतात तिथं, मागच्या अंगाला डिश लावली, त्यांना टीव्हीपुढं बसवलं आणि तासभर डिश फिरवत राहिले. पडद्यावर एकच ओळ, सिग्नल नाही. शेवटी म्हणाले, "लावा तुमच्या मनानं." नव्या मजल्याच्या गच्चीवर नेली, दहा मिनिटांत चित्र आलं. काही चॅनेल मात्र बंद होते. ते उघडायचा हुकूमही उपग्रहावरूनच बॉक्सला येतो, तेवढा वेळ बॉक्स चालू ठेवा, असं दोनदा सांगितलं. मी हात धुऊन येईपर्यंत त्यांनी बटण बंद केलेलं. मग मी पुन्हा पहिल्यापासून वाट बघत बसले.

चहा देताना म्हणाले, "हात साफ हाय तुमचा. कुणी शिकवलं?"

"वडिलांनी," मी म्हणाले.

कुणीही विचारलं की मी हेच सांगते, अण्णा, आणि घरी येईपर्यंत स्वतःवर चिडत राहते. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून कबूल करते. तसं सांगताना मला बरं वाटतं.