पेटीतील वस्तूंची निगा व एका शालूचा खुलासा

मी, राधिका मल्हारी नरोटे, वय २६, धंदा कपडे व चामडी वस्तूंची धुलाई, रफू व निगा, राहणार गोरेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप मात्र बिघडली असून येत्या मंगळवारी नांदेडला ती बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात भिण्यासारखे काही नाही. मी भिते, म्हणून लिहिते. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आईने हे अभद्र काम आहे म्हणून दोनदा कागद उचलून नेला.

झडपेबद्दल आधी लिहिते, कारण डॉक्टरांनी ती समजावली त्या दिवसापासून माझे मन दुसरीकडे लागत नाही. एक झडप कारखान्यात घडवलेली, कडक असते. दुसरी जनावराच्या हृदयाभोवतीच्या पातळ पडद्यापासून करतात. पुढे लेकरू हवे असेल तर दुसरी बरी, असे डॉक्टरांनी सांगितले. पडदा सडू नये म्हणून तो औषधात ठेवतात. मी विचारले, म्हणजे कमावलेला का? ते म्हणाले, तसेच समजा. कोणत्या जनावराचा तेही मी विचारले, पण उत्तर यायच्या आत मीच राहू द्या म्हणाले. लहानपणापासून मी कातड्याला तेल लावत आले. आता कमावलेले कातडे माझ्या छातीत दिवसातून लाखभर वेळा उघडेल, मिटेल, आणि माझा हात तिथे पोचणार नाही. ते जनावर कुठल्या रानात चरले असेल कोण जाणे. त्याचे मी काही देणे लागते. ते कोणत्या कलमात लिहावे हे मला समजत नाही.

कलम १. बँकेतील माझी शिल्लक आईची, चंद्रभागाबाई हिची. शिलाई मशीन, इस्त्री व रफूच्या सुया भाऊ परमेश्वर याच्या. अट अशी की त्याने लोकरीला इस्त्री लावू नये आणि चामड्याची बॅग निरम्याने धुऊ नये. ही दोन्ही कामे त्याने एकाच रविवारी केलेली आहेत. गिऱ्हाइकाची बॅग पापडासारखी तडकली, तेव्हा "बॅगच जुनी व्हती" असे त्याने तोंड वर करून सांगितले. मी ते विसरलेले नाही. बाकी त्याला माफ आहे.

कलम २. आजोबांच्या वहाणा वडिलांना. महिन्यातून एकदा एरंडेलाचे बोट फिरवावे, चार थेंबांहून जास्त नाही. उन्हात ठेवू नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नाही. चामड्याला वारा लागतो. आजोबा संतराम जाऊन अकरा वर्षे झाली, पण त्यांच्या पाची बोटांचे खळगे तळव्यावर तसेच आहेत. तेल लावताना माझे बोट त्या खळग्यात जाते तेव्हा मी अजून श्वास धरते. ज्याच्या कातड्याच्या या वहाणा तो बैल गेला, आजोबा गेले, आणि दोघे मिळून एका वहाणेत राहिले आहेत.

कलम ३. काळी घोंगडीही वडिलांनाच. मेंढरांमागे रानात तीच कामाची. गार पाण्यात, रिठ्याने धुवावी. पिळू नये. सावलीत गवतावर पसरावी. मग चिंचोक्याची खळ द्यावी म्हणजे ती ताठ राहते आणि पाऊस आत येऊ देत नाही. खळ खडखडीत वाळल्याशिवाय घडी करू नये. या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. कारण कलम ५ मध्ये आहे.

कलम ४. पत्र्याची पेटी, तिच्यातील वेखंडाच्या पुरचुंड्या व मऊ धोतराचे तुकडे, हे सर्व माझी काकू मंजुळाबाई हिला. आता ती जवळा बाजारला राहते. माझी पहिली शाळा म्हणजे काकूच. अक्षरे मी नंतर शिकले. त्याआधी काकूने डोळे मिटायला लावून माझ्या हातात एकेक कापड दिले आणि हे कशाचे, असे विचारले. सूत हाताची ऊब लगेच घेते. रेशीम आधी गार लागते. लोकर ओली झाली की मेंढी परत आल्यासारखा वास येतो. काकू म्हणायची, सूत सगळं सोसतं, त्याला आपटा, उकळा. बाकीच्यांना इचारून हात लावा. मी आजही नवे कापड आले की डोळे मिटते. गिऱ्हाईक हसते.

कलम ५. हा खुलासा आहे. माझ्या आईचा लग्नातला जांभळा शालू २०१६ च्या दिवाळीत पेटीतून काढला तेव्हा त्याला कसर लागून पदराची चाळण झालेली होती. शेवटची घडी काकूने घातली होती, म्हणून आईने तिच्यावर आळ घेतला. जळून मुद्दाम ओला ठेवला, असे चारचौघांत म्हणाली. काकू एवढेच बोलली, "अक्का, म्या न्हाई." त्याच महिन्यात काका वैजनाथ वेगळे निघाले. नऊ वर्षे दोघी जावा एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत.

तो शालू माझ्यामुळे गेला. त्या श्रावणात मी घोंगडीला पहिल्यांदा स्वतः खळ दिली. झड लागली होती, घोंगडी वाळेना. आतून दमट असतानाच मी ती घडी करून पेटीत, शालूवर ठेवली. खळीच्या वासाने कसर आली आणि खळ संपल्यावर रेशमात उतरली. मी सतरा वर्षांची होते. शालू काढला त्याच दिवशी मला समजले होते. मी बोलले नाही. ही गोष्ट माझ्याबरोबर नांदेडला न्यायची नाही.

शालू कोणाला द्यावा हे मी ठरवू शकत नाही. तो आईचा आहे.

इथवर लिहून झाल्यावर मी हा कागद साक्षीच्या सहीसाठी आईपुढे ठेवला. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकिलांनी सांगितले होते, पण न वाचता सही घेणे मला बरोबर वाटले नाही. आईने कलम ५ दोनदा वाचले. पेटीतून शालू काढून काखेत घेतला आणि जीपमध्ये बसली. संध्याकाळी परत आली ती काकूला घेऊन.

मी काकूच्या पाया पडले. तिने मला उठवून आधी नाडी धरली, मग बोलली.

"मला तवाच ठाऊक व्हतं. पदराला खळीचा वास येत व्हता."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"लेकरू व्हतीस. अन् तुझ्या मायचा राग मला म्हाईत न्हाई व्हय?"

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिथूनच म्हणाली, "नऊ वर्सं, मंजुळा." काकू म्हणाली, "बराबर नऊ, अक्का." मी एवढी वर्षे कापडे हाताळली; इतका ताण सोसून न फाटलेले काही मी पाहिलेले नाही.

दुरुस्ती. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. काकू म्हणाली, "पेटी सुकन्याला दे. मला अक्काच्या शेजारी सही करू दे." सुकन्या ही काकूची मुलगी. म्हणून कलम ४ मध्ये मंजुळाबाईऐवजी सुकन्या असे वाचावे. आईही साक्षीदार आहे, म्हणून कलम १ मधील शिल्लक आईऐवजी परमेश्वरची समजावी.

मी बरी होऊन आले तर हा कागद रद्द समजावा; कलम ५ मात्र कायम.

लिहून देणार: राधिका मल्हारी नरोटे (सही)

राधिकाने आमच्या देखत सही केली. आम्ही दोघींनी एकमेकींच्या देखत केली.

साक्षीदार:
१. चंद्रभागाबाई मल्हारी नरोटे (सही)
२. मंजुळाबाई वैजनाथ नरोटे (सही)

स्थळ: गोरेगाव
दिनांक: १२ डिसेंबर २०२५