सामायिक कॅलेंडर आणि अध्यक्षबाईंचा दात

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, आणि मेहुणीबाईंचा खोकला गेला का? आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे ज्याला जे दुखतं ते नेहमीइतकंच दुखतं आहे. पत्रास खास असं कारण नाही. बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही म्हणून बसलो. फोनवरही हे सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच सल्ला देता. पत्रात ती सोय नाही.

आमची संस्था तुम्हाला ठाऊक आहेच. (नसेल तर: आजारी माणसांना काठ्या, कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या आणि डोक्याकडून वर होणारे पलंग वापरायला देतो, माणूस बरा झाला की परत आणतो. मी कार्यवाह, म्हणजे जे कार्य दुसरं कुणी वाहत नाही ते माझ्याकडे येतं.) माणसं मोजकीच. अध्यक्षबाई, खजिनदार, घरोघरी जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाई, आमची एकुलती एक व्हॅन चालवणारे काका, आणि मी. एवढ्याशा माणसांत कॅलेंडरं मात्र ज्याची त्याची वेगळी. अध्यक्षबाईंची चामडी डायरी, फिजिओबाईंचा फोन, माझं भिंतीवरचं, आणि काकांचा डावा तळहात, ज्यावर ते बॉलपेनने लिहीत आणि दुपारी जेवायच्या आधी साबणाने धुऊन टाकीत.

व्हायचं तेच झालं. एक म्हातारे शिंपी खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी यायचे होते. त्यांच्यासाठी पलंग सकाळीच पोचायला हवा होता. निघाला वेळेवर, पण पोचला अशा एका गृहस्थांकडे, जे केव्हाच बरे होऊन 'तुमचा पलंग घेऊन जा हो' म्हणून आमच्या मागे लागले होते. त्यांच्याकडे दोन पलंग झाले आणि शिंप्यांकडे एकही नाही. हॉस्पिटलच्या गाडीतून उतरवल्यावर शिंप्यांना त्यांच्याच कापड बेतायच्या टेबलावर निजवावं लागलं. मी धावतपळत गेलो तेव्हा ते छताकडे बघत पडले होते. "कार्यवाह," ते म्हणाले, "जन्मभर या टेबलावर लोकांचे कपडे बेतले. माझ्या मापाचं नाही हे आज कळलं." मला हसू आलं नाही. माणूस कळांनी पांढरा पडला होता आणि चूक आमची होती.

लगोलग समिती बसायची होती, पण कुणाला कधी वेळ आहे हे ठरवण्यातच आठवडा गेला. शेवटी बसली. आता खरं सांगायचं तर पलंग का चुकला हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं. शिंप्यांचा पत्ता फिजिओबाईंना माहीत होता, गाडी काकांकडे होती, आणि दोघांचा अबोला होता. (फिजिओबाईंनी काकांना पाठीचे व्यायाम सुचवले. काका म्हणाले, तुमचे व्यायाम केलेली माणसंच आमच्याकडे वॉकर मागायला येतात. त्या दिवसापासून बाई व्हॅनमध्ये मागच्या बाजूला कुबड्यांबरोबर बसतात.) पण दोन मोठ्या माणसांना 'एकमेकांशी बोला' असं सांगणं कुणालाच प्रशस्त वाटेना. त्यापेक्षा सर्व्हर बसवणं सोपं, असं सर्वानुमते ठरलं.

खजिनदारांचे जावई कॉम्प्युटरमधले. त्यांना बोलावलं. अतिशय सौम्य माणूस, आवाज खाली, आणि प्रत्येक वाक्य 'तांत्रिकदृष्ट्या' या शब्दाने सुरू. जावईबापूंनी सांगितलं की मोठ्या कंपन्यांची तयार कॅलेंडरं मिळतात, पण त्या कंपन्या तुमच्या तारखा वाचतात. अध्यक्षबाईंनी चटकन डायरी मिटून मांडीवर घेतली. आपला स्वतःचा सर्व्हर हवा, आपल्या तारखा आपल्याच घरात राहायला हव्यात, हे तिथंच पक्कं झालं. त्यावर कोणतं सॉफ्टवेअर घालायचं यासाठी जावईबापूंनी तीन स्थळं आणली. (शब्द त्यांचा नाही, पण बघण्याची पद्धत तीच होती.) पहिलं फुकट होतं. हे ऐकल्यावर खजिनदारांनी पुढचं काही ऐकलंच नाही, पण ते बनवणाऱ्या एकट्या माणसाने 'घरी बाळ झालं आहे, सवड झाली की बघतो' असं लिहून ठेवलं होतं, आणि जावईबापूंच्या हिशेबाने ते बाळ आता शाळेत जात असावं. दुसरं फक्त कॅलेंडर होतं. तारीख टाका, सगळ्यांना दिसते, संपलं. मला ते मनापासून आवडलं. पण अध्यक्षबाईंनी विचारलं, "फक्त कॅलेंडर? मग त्यात विशेष काय?" तिथंच ते बाद झालं. तिसरं मात्र सर्वगुणसंपन्न निघालं. त्यात कॅलेंडर होतंच, शिवाय टपाल, गप्पा, फोटो, मतदान, वर्गणीच्या पावत्या आणि मंडळींची मनःस्थिती नोंदवण्यासाठी वेगवेगळ्या रंगांचे चेहरे होते. तेही फुकट. कॅलेंडर त्यात नेमकं कुठे आहे हे सापडायला जावईबापूंनाही वेळ लागला, आणि म्हणूनच समितीचा त्यावर विश्वास बसला. जी वस्तू चटकन सापडते तिला आमच्याकडे वजन नसतं.

सर्व्हर म्हणजे चपलांच्या खोक्याएवढा एक काळा डबा. तो आमच्या सामानाच्या खोलीत, कमोडच्या खुर्च्या आणि हवेच्या गाद्या यांच्या मधल्या फळीवर विराजमान झाला. अध्यक्षबाईंनी चार शब्द बोलून त्याचं बटण दाबलं. संध्याकाळी काकांनी विजेवर चालणारी खुर्ची चार्ज करायला त्याचा प्लग काढला. बिचाऱ्यांना वाटलं रेडिओ आहे.

पुढचा प्रश्न काकांच्या फोनचा. तो बटणांचा फोन, त्यावर कॅलेंडर दिसेना. मग जावईबापूंनी अशी युक्ती केली की फिजिओबाईंनी कॅलेंडरात नोंद टाकली की काकांना आपोआप मेसेज जावा. म्हणजे एकाच व्हॅनमध्ये पुढे-मागे बसलेली दोन माणसं सामानाच्या खोलीतल्या डब्यामार्फत एकमेकांशी बोलू लागली. बाई मागून लिहीत, 'पुढच्या चौकातून डावीकडे'. काकांना मेसेज मिळेपर्यंत तिसरा चौक आलेला असे. त्यात डब्याची वेळ जुळवायची राहून गेली होती, तो स्वतःला समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी देशात समजत होता. काका आज्ञाधारक माणूस. मेसेजात पहाटेची वेळ आली म्हणून एका प्राध्यापकांकडे चाकाची खुर्ची न्यायला पहाटे गेले. प्राध्यापकांनी दार उघडलं ते हातात आमचीच काठी उगारून. मी जावईबापूंना हे सांगितलं. ते म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या, काका वेळेवर होते."

आता मुख्य गोष्ट. अध्यक्षबाईंची दाढ ठणकत होती. दंतवैद्याची वेळ मिळाली, ती त्यांनी मोठ्या अभिमानाने आपल्या हाताने कॅलेंडरात टाकली. खाली 'सर्वांना कळवा' असा एक चौकोन होता, त्यात त्यांनी खूण केली. सर्व म्हणजे आपण पाच जण, असा त्यांचा समज. डब्याचा समज वेगळा. जावईबापूंनी त्यात आजवर ज्यांनी ज्यांनी आमच्याकडून काही नेलं त्या सगळ्यांचे फोन नंबर भरून ठेवले होते. त्या सगळ्यांना निमंत्रण गेलं: 'दात. आयोजक: अध्यक्ष. स्थळ: दंतवैद्य, बाजारामागे, पहिला मजला. आपण येणार का? हो, नाही, कदाचित.'

लोकांना वाटलं, संस्थेने दातांचं शिबिर ठेवलं आहे. दुपारपासून ऑफिसातला फोन वाजायला लागला. सगळ्यांचं एकच म्हणणं, गाडी पाठवता ना? मी दवाखान्यावर पोचलो तर खाली फूटपाथवर वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या यांची रांग, सगळा माल आमचा, ओळखीचा. पहिला मजला आणि लिफ्ट नाही. रांगेत शिंपीही होते, स्वतः शिवलेला कोट घालून, दाढी करून. मी हळूच म्हणालो की अहो, गैरसमज झाला आहे. ते म्हणाले, "असू द्या. ऑपरेशन झाल्यापासून मला सगळे 'येऊ नका, आम्हीच येतो' म्हणतात. बोलावलं तुम्हीच पहिलं." यावर परत पाठवणार कसं?

काका व्हॅनच्या फेऱ्या मारत होते, आणि फिजिओबाईंनीही कर्तव्य समजून 'हो' दाबलेलं असल्यामुळे त्या हजर होत्या. शिंप्यांना खुर्चीसकट वर न्यायचं तर दोघांनी धरायला हवं होतं. मेसेज पाठवायला हात मोकळे नव्हते.

"मागे झुकवा," बाई म्हणाल्या. ऐकू येईल असं, माणसाच्या आवाजात.

"झुकवलं. तुम्ही खालून उचला."

"कमरेत वाकू नका, गुडघ्यात वाका."

"गुडघ्यातच वाकतोय. तुम्ही सांगितलेलं सगळं रोज करतो मी."

बाई मधल्या पायरीवर थबकल्या. "माझे व्यायाम?"

"पाठ दुखायची थांबली ना माझी," काका वरच्या पायरीकडे बघत म्हणाले. "तोंडाने कसं सांगणार? अबोला होता."

शिंपी दोघांच्या मध्ये तिरपे लोंबकळत होते. ते म्हणाले, "मला आधी वर ठेवा, मग काय ते बोला." पण सावकाश ठेवलंत तरी चालेल, असंही पुटपुटले.

वर दंतवैद्य म्हणजे एक तरुण डॉक्टरीणबाई, नुकताच दवाखाना काढलेला, आजवर माश्या मारत बसलेल्या. एवढे पेशंट बघून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी एकेकाला तपासलं, शिंप्यांचा एक हलता दात खरंच काढला. अध्यक्षबाई आतल्या खुर्चीत, तोंड उघडं, त्यात कापूस आणि नळी, आणि दारातून आपला एकेक उपकृत आत डोकावून 'आभारी आहे हं' म्हणतोय. त्यांना काय म्हणायचं होतं ते त्या दिवशी कळलं नाही. पुढच्या बैठकीत कळलं. त्या म्हणाल्या, हा उपक्रम कधीपासून त्यांच्या मनात घोळत होता. सॉफ्टवेअरच्या निवडीबद्दल समितीने स्वतःचं अभिनंदन केलं. माझ्याही सहीने.

त्यानंतर आमचा एकही पलंग चुकलेला नाही. काका आणि फिजिओबाई सकाळी चहा घेताना गाडी कुठे कुठे जाणार ते बोलून ठरवतात, आणि बाई आता पुढे बसतात. कॅलेंडरकडे दोघंही बघत नाहीत. दिवसभरात जे घडून गेलं ते संध्याकाळी मी त्यात भरतो, हिरव्या-निळ्या रंगात, म्हणजे समितीला ते चालू दिसावं. जावईबापू म्हणाले, इतकं अचूक कॅलेंडर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

असो. गुडघ्याला जपा. मेहुणीबाईंना नमस्कार सांगा.

आपला,
साडू

ता. क. जावईबापूंना लांबच्या शहरात मोठी नोकरी लागली. डबा आता रोज सकाळी 'अद्ययावत करू का?' असं विचारतो आणि मी 'नंतर' दाबतो, पण त्याचा सूर हल्ली बदलला आहे. तुमची सगळी नोकरी कॉम्प्युटर विभागात गेली, हे मी समितीत सहज बोलून गेलो. डबा सांभाळायला तुमची एकमताने निवड झाली आहे. निमंत्रण पोचलं असेल.

ता. क. २ 'नाही' दाबू नका. नकार दिला की डबा कारण विचारतो, आणि ते सर्वांना कळवतो.

ता. क. ३ पाकीट बंद करता करता तुमचं 'हो' येऊन पोचलं. तुम्ही दाबलेलं नाही, हे मला माहीत आहे. आत्ताच आमच्या घरी मेहुणीबाईंचा फोन आला होता. निवृत्त झाल्यापासून तुम्ही स्वयंपाकघरातले डबे रोज नव्या पद्धतीने लावता, म्हणून तुमच्या फोनवर त्यांनीच दाबलं. खाली 'पुनरावृत्ती' असा रकाना असतो, तोही त्यांनी भरला आहे: रोज. आणि 'कधीपर्यंत' याच्यापुढे त्यांनी निवडलं आहे, 'समाप्ती नाही'.