दार नसलेल्या घराला लागलेल्या कुलपाबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
परदेशी रहिवासी पडताळणी कक्ष, खोली क्र. ९,
जुन्या इमारतीमागील नवी इमारत, अहिल्यानगर.

विषय : राहते घर कुलूपबंद आढळल्याच्या कारणावरून निवासी व्हिसाची मुदतवाढ नामंजूर झाल्याबाबत फेरविचार होणेस विनंती.

संदर्भ : आपल्या कक्षाचा नामंजुरीचा मेसेज, गुरुवारी ऐन जेवणात आलेला.

महोदय,

माणूस या पृथ्वीवर कुठेही राहू शकतो आणि तो हक्क त्याला कोणत्याही शिक्क्याशिवाय जन्मतःच मिळालेला आहे, असे माझे अनेक वर्षांचे ठाम मत आहे. परंतु माझा व्हिसा येत्या शुक्रवारी संपत असल्याने सदर मत मी तूर्त मागे घेत आहे व खालीलप्रमाणे अर्ज सादर करीत आहे.

१. मी, सूर्यभान रखमाजी तुवर, वय एकाहत्तर, जन्माने शनिशिंगणापूरजवळच्या तुवर वस्तीचा व कागदाने फिजी देशाचा नागरिक आहे. साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून तिकडे गेलो, तिथलाच झालो आणि निवृत्तीनंतर थोरली बहीण बनुबाई हिच्याकडे परत आलो. ज्या घरात माझे बारसे झाले त्याच घरात मी आता परदेशी पाहुणा आहे. कायमचे कार्ड मिळण्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट लागतो. तो तिकडच्या वादळात छपरासोबत उडून गेला. छप्पर सापडले.

२. त्यामुळे व्हिसा निवडणे आले. आपल्या खिडकीवरील बाईंनी सर्व प्रकार वाचून दाखवले. पर्यटक म्हणावे, तर मी गोठ्यापलीकडे काही पाहत नाही. विद्यार्थी म्हणावे, तर बहीण रोज शिकवते, पण दाखला देत नाही. उपचारासाठी म्हणावे, तर आजार तिला आहे. घरी परत आलेला माणूस, हा प्रकार यादीत नव्हता. शेवटी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघून बाईंनी मला ‘इतर’ मध्ये टाकले. याबद्दल तक्रार नाही. शाळेपासून मी त्यातच आहे.

३. मुदतवाढीसाठी वास्तव्याची पडताळणी लागते. त्याकरिता आपले कर्मचारी श्री. मच्छिंद्र (आडनाव मुद्दाम देत नाही, माणूस चांगला आहे) समक्ष आले. त्यांनी दोनदा चहा घेतला, पिठलं-भाकरी खाल्ली व ऊन उतरेपर्यंत माझ्याच बाजेवर विश्रांती घेतली. नंतर आलेला अहवाल असा : “घर कुलूपबंद आढळले, सबब अर्जदाराचे वास्तव्य आढळून आले नाही.”

४. या ठिकाणी नम्रपणे नमूद करतो की आमच्या घराला दार नाही. आमच्या भागातील जुन्या रिवाजाप्रमाणे ते कधीच नव्हते. कुलपाला कडी लागते, कडीला फळी लागते, फळीला चौकट लागते. आमच्याकडे पडदा आहे, तोही धुवायला काढला होता. मी परदेशात असताना बहिणीने माझ्यासाठी दार उघडे ठेवले असे म्हणायचीसुद्धा सोय नाही. ती नुसती तिथे होती.

५. मी श्री. मच्छिंद्र यांना फोन केला. त्यांनी खुलासा केला की टॅबवर दोनच चौकटी आहेत : दार उघडे, दार कुलूपबंद. ‘उघडे’ दाबल्यास उघड्या दारात अर्जदार उभा असल्याचा फोटो मागतात व फोटोशिवाय पुढचे पान येत नाही. ‘कुलूपबंद’ला फोटो लागत नाही. “काका, तुमचं काम अडू नये म्हणून मीच कुलूप लावलं,” असे ते म्हणाले. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही.

६. आपल्या कक्षातून तोंडी सल्ला मिळाला की एक दार बसवून घ्या, म्हणजे प्रश्न मिटेल. मी तो बनुबाईच्या कानावर घातला. ती गवत कापत होती. मान वर न करता म्हणाली, “दार बशिवते की. पर आदी तुला भाईर काढते, मंग बशिवते.” म्हणजे दार न लावल्यास मी देशाबाहेर आणि लावल्यास घराबाहेर, अशी वस्तुस्थिती आहे.

७. म्हणून तडजोडीने घोडेगावचे सुतार कानिफनाथ यांच्याकडून एक तयार दार चौकटीसह टेम्पोत घालून तासाभरासाठी आणले. दोघांनी ते अंगणात उभे धरले, मी मध्ये उभा राहिलो, फोटो पाठवला. तो ‘दारामागे घर नाही, म्हैस आहे’ या शेऱ्यासह परत आला. शेरा वस्तुस्थितीस धरून आहे. दरम्यान दिवस शनिवारचा असल्याने रस्त्याने जाणारे भाविक थांबले, चपला काढून दारातून आरपार जाऊ लागले व पलीकडे काय आहे असे विचारू लागले. मी खरे ते सांगितले. तरी रांग वाढली. दार परत न्यायला कानिफनाथांना संध्याकाळ झाली आणि आता ते दार विकायचे नाही म्हणतात.

८. महोदय, इथवर हसण्यासारखे आहे व आम्ही हसलोही. पण येत्या सोमवारी बनुबाईच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. डावा पूर्वीच गेला आहे. नंतर महिनाभर थेंब घालावे लागतात आणि ती माझ्याशिवाय कोणाला डोळ्याजवळ येऊ देत नाही. मला देते याचे कारण विचारले, तर म्हणाली, “तुला हाणता तरी येतं.” शुक्रवारी मी गेलो, तर सोमवारचे ती रद्द करणार, हे तिने डॉक्टरांनाही कळवले आहे.

९. तरी सदर अहवालातील कुलूप आपल्या स्तरावर काढण्यात यावे, टॅबवर ‘दार नाही’ अशी तिसरी चौकट ठेवावी आणि ते होईपर्यंत निदान डोळा बरा होईस्तोवर मुदत द्यावी. कुलूप खरेच असल्याचे कक्षाचे मत कायम राहिल्यास त्याची किल्ली तरी आमच्या ताब्यात द्यावी.

आपल्याच जिल्ह्यातला
आपला नम्र परदेशी,
(सूर्यभान रखमाजी तुवर)
दिनांक : आज मंगळवार, शुक्रवार जवळ आला आहे.

सोबत : १) दार नसल्याचा फोटो. २) म्हशीसह दाराचा फोटो. ३) डॉक्टरांची चिठ्ठी.

ता.क. : आपल्या कक्षाबाहेरील पाण्याच्या पिंपाचा ग्लास साखळीने बांधलेला आहे. त्याबद्दल आमच्या गावच्या माणसाने बोलू नये. परंतु साखळी फार आखूड असल्याने पाणी प्यायला पिंपापुढे गुडघे टेकावे लागतात आणि मागून येणारा माणूस हीच अर्ज करायची पद्धत समजून शेजारी बसतो. वरीलपैकी काहीच मंजूर होण्यासारखे नसेल, तर साखळी तेवढी वीतभर वाढवावी, ही विनंती.